करमणुकीच्या बागेचे दरवाजे

सुरत हे दरवाज्यांचे शहर. जुना तट नाहीसा झाला, तरी दिल्ली दरवाजा, लाल दरवाजा, सहारा दरवाजा ही नावे लोकांच्या तोंडी राहिली. शहराला दरवाजा लागे तो शत्रूला थोपविण्यासाठी. परंतु बागेला आणि खेळाच्या मैदानाला दरवाजा कशासाठी? करमणुकीच्या बागांचा इतिहास पुष्कळ अंशी या प्रश्नाभोवती फिरतो.

सुरतेत १५१०च्या सुमारास मलिक गोपी या धनाढ्य व्यापाऱ्याने तलाव बांधला. १६२३ साली येथे आलेल्या पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने त्याच्या अनेक बाजूंचे आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. अशा तलावाला चहूकडून वाट असे. पाण्यासाठी आलेला माणूस घटकाभर पायरीवर टेकला, की तीच त्याची करमणूक. पुढे हा तलाव ओस पडला. २०१२ नंतर महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून त्याला विहारस्थळाचे रूप दिले.

युरोपात १८४३ साली कोपनहेगनच्या पश्चिम दरवाज्याबाहेर टिव्होली बाग उघडली. तेथे झाडे, दिवे व संगीत यांना मान होता; पाळणे त्यांच्या सोबतीला होते. १८९७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू याने आपल्या खेळांभोवती कुंपण घातले व दारावर पैसे घेण्यास आरंभ केला. शेजारी १९०३ साली लूना पार्क व १९०४ साली ड्रीमलँड उभे राहिले. रात्री असंख्य विजेच्या दिव्यांनी उजळणारे ते मनोरे आतून मात्र लाकूड आणि गिलाव्याचे होते. २७ मे १९११च्या रात्री, एका खेळाची दुरुस्ती चालू असता, ड्रीमलँडला आग लागली आणि काही तासांत त्याची राख झाली. मध्यरात्र उलटून गेल्यामुळे प्रेक्षक नव्हते. कित्येक मुकी जनावरे मात्र होरपळून मेली.

१९५५ साली वॉल्ट डिस्ने याने कॅलिफोर्नियात या कल्पनेला निराळे वळण दिले. भोवती मातीचा उंच बांध, म्हणजे बाहेरचे जग दिसू नये. प्रवेशाचे दार एकच, म्हणजे प्रत्येकाने गोष्ट आरंभापासून पाहावी. आणि रस्त्याच्या शेवटी एक किल्ला, म्हणजे पावले आपोआप पुढे पडावीत. खेळ हा आता सुटा राहिला नाही. तो कथेतील एक प्रसंग झाला.

भारतात हा प्रवास थोडक्या काळात घडला. १९८४ मध्ये दिल्लीचे अप्पूघर आणि १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईचे एस्सेल वर्ल्ड आले, तेव्हा मोकळ्या आकाशाखालचे लोखंडी पाळणे हेच मुख्य आकर्षण होते. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले, त्यात कथा, पडदे आणि बंद दालने यांना महत्त्व आले. शहरांत जागा महाग झाली, तशी करमणूक मैदान सोडून छपराखाली गेली.

येथेच जुना प्रश्न उलटा होऊन समोर येतो. २४ मे २०१९ रोजी सुरतेत सरथाणा भागातील एका इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग होते. खाली येण्याची वाट धुराने आणि ज्वाळांनी कोंडली, मुलांनी वरून उड्या टाकल्या, आणि २२ विद्यार्थी प्राणास मुकले. ते करमणुकीचे ठिकाण नव्हते. परंतु त्याचा धडा सर्वच बंद जागांसाठी होता. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, उन्हाळ्याच्या सुट्टीतील एका शनिवारी, राजकोटच्या खेळघराला आग लागली. पत्र्याचा तात्पुरता सांगाडा, चालू असलेले वेल्डिंगचे काम, अग्निशमन खात्याच्या प्रमाणपत्राचा अभाव. २७ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. ड्रीमलँडच्या वेळीही दुरुस्तीच चालू होती. त्या रात्री बाग रिकामी होती, एवढाच काय तो फरक.

दीडशेहून अधिक वर्षे कल्पक माणसांनी आत येण्याचा दरवाजा सजविला. मूल आत शिरताच त्याचे डोळे विस्फारावेत, यासाठी त्यांनी बुद्धी खर्च केली, आणि ते योग्यच झाले. पण बोट धरून आलेले ते मूल सुखरूप घरी पोचले पाहिजे, हाही रचनेचाच भाग होय. बागेची खरी परीक्षा तिच्या महाद्वारापाशी होत नाही. ती मागच्या लहानशा, मोकळ्या ठेवलेल्या दारापाशी होते.