मामाची अमेरिका, भाच्याची फाईल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की बारामती-इंदापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "पोराला एमएसला अमेरिकेला धाडतोय. बँकेला घर तारण देतोय. नोकरी लागली की कंपनी ग्रीन कार्ड करून देतीच की?" विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर नात्यातला कुणीतरी मामा असतो. 1970 च्या आसपास गेला, चार-दोन वर्षांत कायमचा झाला, मग भावंडांनाही नेलं. मामा खोटं बोलत नाही. पण मामाचा कायदा वेगळा होता आणि भाच्याचा वेगळा आहे. हा फरक कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी कळावा, म्हणून लिहितोय.

आधी तर दारच बंद होतं. 1917 च्या अमेरिकन कायद्यानं हिंदुस्थानातून जाऊन स्थायिक होणं जवळपास बंद केलं. 1923 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. 1946 साली दार किलकिलं झालं, म्हणजे किती? सगळ्या हिंदुस्थानला मिळून वर्षाला 100 जागा. दोन एसट्या भरतील एवढी माणसं.

मामा गेला तो 1965 च्या कायद्यानं. वंशावर बेतलेला जुना कोटा गेला आणि एका देशाला वर्षाला 20,000 पर्यंत व्हिसा मिळायला लागले. त्यात शिकलेल्यांसाठी एक वेगळा वर्ग होता. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ आपल्या डिग्रीवर स्वतःच अर्ज करू शकत होते, मालकाची सही लागत नव्हती. पुण्या-मुंबईचे कितीतरी मराठी डॉक्टर, इंजिनिअर याच वाटेनं गेले. पुढं गावोगाव महाराष्ट्र मंडळं निघाली आणि 1981 साली त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळही झालं.

1976 साली कायदा बदलला. आता या वर्गालाही आधी तिथल्या मालकाची नोकरी हातात पाहिजे, असं ठरलं. पेपरात तेव्हा फार गाजलं नसेल, पण माझ्या मते खरी गाठ इथं बसली. तिथून पुढं बहुतेकांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज हा माणसाचा राहिला नाही, कंपनीचा झाला.

1990 च्या कायद्यानं आजचा साचा घडवला. एच-वन-बी आला. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 ठरली, आणि त्यात बायका-पोरंही मोजली जातात. कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आइसलँडला तेवढंच, भारताला तेवढंच. आणि देश म्हणजे पासपोर्टचा नव्हे, जन्माचा. बारामतीत जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला तरी भारताच्याच रांगेत. नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या इंदापूरकरांना हे जास्त समजवायला नको. आवर्तन सुटलंय हे खरं, पण पाणी आपल्यापर्यंत पोचायचंय.

आता भाच्याची फाईल बघा. डिग्रीनंतर एक वर्ष काम करायची मुभा, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन. तेवढ्यात एच-वन-बीच्या लॉटरीत नंबर लागला पाहिजे. तो लागला की तीन अधिक तीन, सहा वर्षं. त्यात कंपनीच्या मनात आलं तर ती जाहिरात देऊन दाखवणार की या जागेला लायक अमेरिकन माणूस मिळत नाही. मग कामगार खात्याचा दाखला, मग कंपनीचा आय-140 हा अर्ज, आणि मग रांग. कंपनीवर यातलं काहीच बंधनकारक नाही.

2000 साली एक सवलत झाली. रांगेत असलेल्याला सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढवून मिळायला लागला. यानं हजारो संसार वाचले हे खरंच, पण थांबणं हीच कायमची अवस्था झाली. 2007 च्या जूनमध्ये सरकारनं आधी सांगितलं, जुलैत सगळ्यांनी शेवटचा अर्ज भरा. लोकांनी डॉक्टरी तपासण्या केल्या, वकिलांची फी भरली, आणि 2 जुलैला सरकार म्हणालं, जागा संपल्या. तेव्हा आपल्या लोकांनी मुन्नाभाईची गांधीगिरी केली, इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं लष्करी दवाखान्यातल्या जखमी जवानांकडं वळवली, पण 17 जुलैला सरकारनं निर्णय फिरवला.

रांग मात्र हटली नाही. 2025 साली मास्टर्सवाल्या भारतीयांच्या वर्गात नंबर आला होता तो 2013 च्या सुरुवातीला फाईल पडलेल्यांचा. मधल्या काळात मूल 21 वर्षांचं झालं तर बहुतेक वेळा ते आईबापाच्या फाईलमधून बाहेर पडतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस.

मला यात उचल दिसते. ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेतो आणि हंगामभर त्याच्याशी बांधला जातो. पगाराची, सावलीची तुलना होऊच शकत नाही, कोयता धरणाऱ्याचे हाल कुठं आणि एसीतलं काम कुठं. पण पगारवाढ मागायला पोरगं कचरतं, बॉस बदलायला घाबरतं, त्याचं कारण तेच आहे. एक दिलासा आहे. आय-140 मंजूर झाला की रांगेतली तारीख सहसा माणसाजवळ राहते. नव्या कंपनीनं फाईल पुन्हा पहिल्यापासून करायची, पण नंबर जुनाच.

सप्टेंबर 2025 मध्ये तर परदेशातून नवा एच-वन-बी माणूस आणायला एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. म्हणून पोराला ऑफर आली की पगाराच्या आकड्याआधी विचारायला सांगा, कंपनी फाईल कधी सुरू करते? रुजू झाल्यावर लगेच, दोन वर्षांनी, की करतच नाही? आणि विचारायचं ते सही करायच्या आधी, नंतर नव्हे.

मुलीकडच्यांनी मात्र यात आघाडी घेतलीय. पूर्वी "मुलगा अमेरिकेत असतो" एवढ्यावर सुपारी फुटायची. 2015 पासून ठराविक टप्प्यावर, मुख्यतः नवऱ्याचा आय-140 मंजूर झाल्यावर, एच-फोरवर गेलेल्या बायकोला कामाचा परवाना मिळू शकतो. त्यामुळं हल्ली बैठकीत चहा यायच्या आधी मुलीचा बाप विचारतो, "आय-140 झाला का? आणि तारीख कितीची?"