चाळीस टक्क्यांचा ठराव

मध्यमवर्गाच्या घराला सरकारने कोणता हातभार लावला, असे विचारले की लोक गृहकर्जावरच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट सांगतात, नाहीतर प्रधानमंत्री आवास योजनेतले व्याज अनुदान. पुण्यात मात्र एक वेगळी सवलत पन्नास वर्षे घरोघर पोचत होती. १९७० साली महापालिकेच्या मुख्यसभेने ठराव केला, की मालक स्वतः घरात राहत असेल तर त्याला घरपट्टीत चाळीस टक्के सूट द्यावी. जुन्या बाजारातून गोळा केलेली घरपट्टीची बिले चाळताना मी या ठरावाच्या मागे लागलो.

घरपट्टी घराच्या किमतीवर बसत नसे. १९४९ च्या महापालिका अधिनियमाचा आधार होता भाडे. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, ते ठरवायचे. दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे. उरेल ती करपात्र रक्कम. पुण्याने दुरुस्तीची वजावट पंधरा टक्के केली आणि स्वतः राहणाऱ्या मालकाचे भाडे साठ टक्केच धरले. समजा, वाजवी भाडे महिना हजार रुपये, म्हणजे वर्षाला बारा हजार. कायद्याप्रमाणे करपात्र रक्कम १०,८०० रुपये होते. पुण्याच्या हिशेबाने ६,१२०.

ही सूट केवळ मतांसाठी दिली, असे मला वाटत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पेठांतल्या वाड्यांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता महापालिकेच्या खटल्यात सांगितले, की करासाठी धरायचे भाडे कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्याहून जास्त असू शकत नाही. म्हणजे जुन्या वाड्याचे भाडेही गोठले आणि करही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले आणि कुटुंबे सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगरकडे गेली. नव्या घरावर कर बसणार तो चालू भाड्याच्या हिशेबाने. आणि ते भाडे तर मालकाच्या हाती येतच नव्हते, कारण घरात तो स्वतःच राहत होता. न मिळणाऱ्या उत्पन्नावरचा कर थोडा हलका करणे, हा या ठरावाचा अर्थ मी लावतो.

दोष त्याच्या पायात होता. अधिनियमात दुरुस्तीसाठी दहा टक्केच लिहिले होते आणि स्वतः राहणाऱ्या मालकासाठी काहीच नव्हते. लेखापरीक्षणात यावर बोट ठेवले गेले आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने ठराव रद्द केला. नव्याने नोंद झालेल्या घरांना पूर्ण दराची बिले गेली, तर जुन्या घरमालकांपुढे मागील फरकाची टांगती तलवार आली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने वर्षानुवर्षे महापालिकेनेच काढलेले बिल वेळेवर भरले होते. आता तेच बिल कमी होते, असे त्याला सांगितले जात होते.

२ मार्च २०२३ ला कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. प्रचारात घरपट्टी गाजली होती. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने चाळीस टक्के सवलत कायम ठेवली आणि मागची वसुली सोडून दिली; दुरुस्तीची वजावट मात्र पंधरावरून दहा टक्क्यांवर आली. ज्यांनी पूर्ण दराने कर भरला होता, त्यांना पीटी-३ अर्जासोबत घरात आपणच राहतो याचा पुरावा जोडावा लागला. सोसायटीचे पत्र, शिधापत्रिका, गॅसचे कार्ड घेऊन लोक रांगेत उभे राहिले.

सवलतीचा लाभ सर्वांना सारखा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. सूट टक्क्यांत असल्याने दोन खोल्यांच्या घराला थोडे रुपये सुटत आणि प्रभात रोडच्या बंगल्याला बरेच. भाडेकरूला काहीच नाही. उलट घर भाड्याने दिले की मालकाची सूट जाई आणि तो भार भाड्यात उतरण्याची शक्यता असे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. मुंबईने घर मोजले, पुण्याने घरात कोण राहते ते पाहिले. गरज शोधण्याच्या या दोन रीती आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

तरी मला या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. मध्यमवर्गीय माणूस घराचा हिशेब वीस-पंचवीस वर्षांचा करतो. कर्जाचा हप्ता, सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, सगळे त्यात धरलेले असते. १९७० ची सूट ठरावावर उभी होती, २०२३ ची मंत्रिमंडळाच्या निर्णयावर. एक लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने ढासळली, दुसरी निवडणुकीच्या पाठोपाठ आली. चाळीस टक्के योग्य की पंचवीस, यावर वाद होऊ शकतो. पण जे द्यायचे ते अधिनियमातच लिहून दिले, तरच तो नागरिकाचा हक्क होतो; एरवी ती फक्त मेहेरबानी राहते, आणि तिच्या भरवशावर कोणी वीस वर्षांचा हिशेब मांडू नये.