रॉकेल, मेणबत्ती आणि चार लिटर पाणी

ट्रेकच्या आदल्या रात्री ग्रुपवर सामानाची यादी टाकायचं काम आमच्यात माझ्याकडे असतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राजगड ते तोरणा करायचं ठरलं, तेव्हाही मीच टाकली होती. टॉर्च, टोपी, कॅरीमॅट, पॉवर बँक, जादा मोजे, दोरी, सुका खाऊ... एकोणीस गोष्टी होत्या. पाण्यापुढे मी लिहिलं होतं, ‘दोन लिटर पुरे, उगाच ओझं नको.’

ही वाट ज्यांनी उन्हाळ्यात केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. संजीवनी माची सोडली की तोरण्यापर्यंत लांबलचक डोंगरसोंड आहे. उन्हाळ्यात त्या वाटेवर पाण्याचा भरवसा नसतो, सावलीही नावालाच. माझ्या एका मित्राचं पाणी साडेअकरालाच संपलं. दुपारी तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, मग एका दगडावर बसला आणि उठेचना. नशिबाने थोड्या अंतरावर धनगराचं घर होतं. तिथल्या मावशींनी आधी घोट घोट पाणी दिलं, मग मीठ घातलेलं ताक. आमच्या सॅकांकडे बघून त्या म्हणाल्या, “एवढी मोठी दप्तरं पाठीवर, अन् त्यात पाणी नाय व्हय?”

मित्र तासाभराने सावरला. परतीच्या प्रवासात तो मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मला एक नाद लागला. मोठमोठ्या मोहिमांवर लोकांनी काय नेलं आणि काय विसरलं, हे शोधून वाचायचं. सुरुवातीला हेतू फार काही उदात्त नव्हता. माझ्यापेक्षा वाईट यादी करणारं कोणीतरी मिळावं, एवढंच.

मिळालं. 1924 साली जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन एव्हरेस्टवर गेले आणि परत आले नाहीत. शेवटच्या चढाईच्या आदल्या दिवशी, 7 जूनला, मॅलरीने मागे राहिलेल्या नोएल ओडेलला चिठ्ठी पाठवली. तंबूत पसारा टाकून आल्याबद्दल माफी मागितली होती, ऐनवेळी स्टोव्ह उतारावरून घरंगळत गेल्याचं कळवलं होतं, आणि आपलं होकायंत्र तंबूत राहिलंय, तेही बघायला सांगितलं होतं. नऊ वर्षांनी तिथे पोचलेल्या मोहिमेला त्यांच्या शेवटच्या छावणीत एक टॉर्च सापडला. बटण दाबल्यावर तो चक्क लागला! म्हणजे टॉर्च उत्तम होता. फक्त सोबत नेला नव्हता.

त्यांच्या कपड्यांची मात्र उगाच टिंगल होते. रेशीम, लोकर आणि वरून गॅबर्डिनचा कोट. 2006 मध्ये या कपड्यांची हुबेहूब नक्कल करून एव्हरेस्टवर वापरून पाहिली, तेव्हा ते हलके आणि चांगल्या हवेत पुरेसे उबदार निघाले. उघड्यावर रात्र काढण्याइतके मात्र नव्हते.

पण माझं मन अडकलं ते त्या घरंगळलेल्या स्टोव्हवर. कारण एव्हरेस्टवर स्टोव्ह म्हणजे स्वयंपाक नव्हे, स्टोव्ह म्हणजे पाणी. चारी बाजूंना बर्फ असतो, पण तो वितळवल्याशिवाय घोटभरही प्यायला मिळत नाही. हवा इतकी कोरडी आणि श्वास इतका जलद की नुसत्या उच्छ्वासातून अंगातलं पाणी जातं. थंडीमुळे तहान फारशी जाणवत नाही. आणि भांडंभर भुसभुशीत बर्फ वितळवला की तळाशी जेमतेम पाणी उरतं. त्यामुळे पाण्याची यादी करायची म्हणजे खरं तर रॉकेलची यादी करायची.

हे सगळ्यात क्रूरपणे कळलं ते 1952 मध्ये. स्विस मोहिमेचे रेमों लाम्बेर आणि तेनझिंग नोर्गे 27 मे रोजी सुमारे 8,400 मीटरवर पोचले. त्या रात्री तिथे राहायचं ठरलेलं नव्हतं. हवा छान होती, एक तंबू होता, म्हणून दोघे थांबले. झोपायच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. त्यांनी रिकाम्या डब्यात बर्फ घेतला आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरला. झोप लागली तर गोठून मरू, म्हणून रात्रभर एकमेकांना चापट्या मारून जागं ठेवलं. सकाळी निघाले ते जवळपास 8,600 मीटरपर्यंत पोचले. शिखर दिसत होतं, पण पाय उचलत नव्हते.

मेणबत्तीवर वितळलेलं ते पाणी किती असेल, हे मी एकदा गॅलरीत करून बघितलं. फ्रीजरमधला बर्फ, स्टीलची वाटी, देवघरातली मेणबत्ती. पुण्याच्या उकाड्यातसुद्धा कंटाळा आला. आईने विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, अभ्यास.

त्याच वर्षी ब्रिटिशांची एक तुकडी जवळच्या चो ओयू शिखरावर होती. तिच्यात ग्रिफिथ प्यू नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. लोक किती खातात, किती पितात, किती धापा टाकतात, हे तो मोजत बसायचा. गिर्यारोहकांना त्याचा वैताग यायचा. स्विसांबद्दल माहिती काढल्यावर प्यूच्या लक्षात आलं, की शेवटच्या दिवसांत ते दिवसाला अर्धा लिटरसुद्धा प्यायले नव्हते. त्याच्या हिशोबाने त्या उंचीवर माणसाला निदान तीन लिटर लागतं. मग त्याने तेवढा बर्फ वितळवायला किती रॉकेल लागेल याचं गणित मांडलं आणि स्टोव्हची उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्यात बदल करून घेतले. ‘वर जिद्द लागते’ असं म्हणणाऱ्यांच्या जमान्यात हा माणूस लिटर मोजत होता. त्याचं नाव मला या नादापर्यंत माहीत नव्हतं. तेनझिंग आणि हिलरी शाळेतच पाठ झाले होते, प्यू कुठल्याच धड्यात नव्हता.

1953 च्या मोहिमेचं सामान प्यूचं हे गणित घेऊनच निघालं. आणि ते आलं कुठे, तर आपल्या मुंबईत. ‘स्ट्रॅथेडन’ बोट फेब्रुवारीच्या शेवटी बंदराला लागली. पुढे रेल्वेने रक्सौल, मग रोपवेवरून डोंगर ओलांडून काठमांडूचं खोरं. तिथल्या भक्तपूरहून मार्चमध्ये साडेतीनशेहून जास्त हमाल दोन तुकड्यांत निघाले. प्रत्येकाच्या पाठीवर सुमारे 27 किलो, कपाळावर पट्टा. डोंगरातल्या गावांत कागदी नोटा चालत नव्हत्या, त्यामुळे मजुरी नाण्यांत द्यायची. ती नाणी वाहायलाच वेगळे हमाल लागले.

इथे मी थोडा थांबलो. आपण ‘उगाच ओझं नको’ म्हणतो तेव्हा निदान ओझं आपल्याच पाठीवर असतं. त्या यादीतला प्रत्येक लिटर रॉकेल कोणीतरी खांद्यावरून वर नेला, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं मोहिमेच्या गोष्टीत येत नाहीत. मला प्यू आवडतो, पण त्याचं गणित या माणसांच्या पाठीवर चाललं.

28 मे 1953 ची रात्र. उंची सुमारे 8,500 मीटर. आदल्या वर्षी मेणबत्ती धरून बसलेला तेनझिंग याच धारेवर, थोडा आणखी वर, तंबूत होता. गळ्याला लाम्बेरने दिलेला लाल स्कार्फ. या वेळी स्टोव्ह होता. हिलरी आणि तो साखर घातलेलं लिंबाचं पेय भरपूर प्यायले. हिलरीनेही एक घोळ केलाच. काढून ठेवलेले बूट सकाळी दगडासारखे गोठले होते, ते स्टोव्हवर धरून मऊ करावे लागले. निघण्याआधी दोघे पुन्हा प्यायले. साडेसहाला निघाले, साडेअकराला शिखरावर. वर तेनझिंगने बर्फात थोडा खाऊ पुरला आणि मुलीने, नीमाने, दिलेली छोटीशी लाल-निळी पेन्सिल. एवढं सगळं काटेकोर मोजून नेलं, त्यात ती पेन्सिल कुठल्या यादीत बसत होती?

या डिसेंबरमध्ये आम्ही हरिश्चंद्रगडाला गेलो. यादी परत माझ्याकडेच आली. मला वाटलं होतं दुसरं कोणी करेल, पण तोच मित्र म्हणाला, “तूच टाक.” मी सगळ्यात वर लिहिलं: पाणी, माणशी चार लिटर. वर पाण्याची टाकी आहेत, थंडी आहे, एवढं लागणार नाही, असा गलका झाला. मी प्यूचं नाव काढलं, कोणी ऐकलं नाही.

पहाटे पाचनईला गाडीतून उतरलो. मित्राने कोणाला काही न बोलता आपली सॅक उघडली, बाटल्या बाहेर काढून बोनेटवर ओळीने ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मोजल्या. चार होत्या.

“आता तुझ्या काढ,” तो म्हणाला.