अगस्ती कधी दिसेल?

पंचांगातल्या दोन नोंदींवर सहसा कुणाची नजर थांबत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ‘अगस्ती लोप’ आणि पावसाळा उतरणीला लागला की ‘अगस्ती दर्शन’. ना मुहूर्त, ना उपास, ना सुट्टी. थांबावं तरी कशाला? पण एवढ्या दोन ओळी छापता याव्यात म्हणून आपल्या ज्योतिषांनी दीड हजार वर्षं डोकं चालवलं आहे.

अगस्ती हा व्याधाखालोखाल रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दक्षिणेला इतका खाली, की साधारण ३७ उत्तर अक्षांशापलीकडे तो उगवतच नाही. दिल्लीहून तो क्षितिजावर जेमतेम ९ अंश चढतो, पुण्याहून १९, कन्याकुमारीहून २९. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या आणि परत न फिरलेल्या ऋषीचं नाव याच ताऱ्याला मिळालं, याचं मला नवल वाटत नाही. दक्षिणेची वाट धरणाऱ्याला तो रोज थोडा थोडा वर आलेला दिसणारच. ग्रीकांच्या पोसिडोनियसने हीच गोष्ट वेगळ्या कामाला लावली. ऱ्होड्स बेटावर हा तारा क्षितिजाला टेकतो आणि अलेक्झांड्रियात वर्तुळाच्या ४८व्या भागाइतका वर येतो, असं धरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. आकडे ढोबळ होते, युक्ती अस्सल.

आपल्याकडे प्रश्न निराळा होता: तो पुन्हा दिसणार कधी? मे महिन्यात अगस्ती संध्याकाळच्या उजेडात बुडतो, सूर्य पुढे सरकला की पहाटे दक्षिण-आग्नेयेला डोकं काढतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत या ताऱ्याला अख्खा अध्याय दिला. दर्शनाचा दिवस प्रत्येक प्रदेशासाठी गणिताने वेगळा काढावा, असं तो बजावतो आणि उज्जयिनीचं उत्तरही देतो: सूर्य कन्या राशीला ७ अंश कमी असताना. पूर्व नुकती उजळू लागली की ज्योतिषाने दिशा दाखवायची आणि राजाने तिकडे अर्घ्य द्यायचं. हे ‘दाखवणं’ केवळ मानापानाचं नसावं. क्षितिजालगत, झुंजूमुंजूच्या उजेडात, नेमकं कुठे बघायचं ते सांगणारा नसेल तर राजालाही तारा सापडायचा नाही. अगस्तीच्या उदयाने पावसाचं गढूळ पाणी निवळतं, ही समजूत कालिदासाने रघुवंशात शरदाच्या वर्णनात वापरली आहे.

या गणिताचं सर्वांत देखणं रूप मात्र कोकणातलं. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं. ‘ज्या’ आणि ‘चाप’ या त्रिकोणमितीतल्या गणितांची कटकट काढून टाकून साध्या गुणाकार-बेरजेवर ग्रहगणित आणणारा हा ग्रंथ. त्यात अगस्तीसाठी एकच श्लोक पुरतो. विषुवदिनी भर दुपारी १२ अंगुळांच्या शंकूची सावली जितकी अंगुळं पडेल ती त्या गावची पलभा. तिला ८ ने गुणा. गुणाकार ७८ तून वजा केला की लोपाच्या वेळचे सूर्याचे (मेष राशीच्या आरंभापासून मोजलेले) अंश मिळतात, ९८ त मिळवला की दर्शनाच्या वेळचे.

पुण्याची पलभा ४ अंगुळं. गुणाकार ३२. म्हणजे सूर्य ४६ अंशांवर, वृषभेत, आला की लोप. १३० अंशांवर, सिंहेत, आला की दर्शन. आजच्या तारखांत मेअखेर आणि ऑगस्टचा शेवटचा आठवडा. सूत्र ५०० वर्षांपूर्वीचं. आज प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी याच्या थोड्या आधीच घडतात. पण गाव बदलल्यावर काय होतं ते पाहा. कोल्हापूरचं उत्तर १२७ येतं, नागपूरचं १३५. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो, म्हणजे कोल्हापूरकरांना अगस्ती नागपूरकरांच्या आठवडाभर आधी दिसायला हवा. अंगणातल्या सावलीवरून ताऱ्याची तारीख काढून देणारा हा श्लोक मला कुठल्याही पुराणकथेपेक्षा थोर वाटतो. (ऑगस्टातल्या पहाटे महाराष्ट्रात दक्षिण क्षितिज निरभ्र मिळणं कठीण, तेव्हा इथली बहुतेक अर्घ्यं डोळ्यांपेक्षा पंचांगाच्या भरवशावर दिली गेली असणार.)

सूर्याच्या वाटेपासून हा तारा जवळजवळ ७६ अंश दूर आहे. त्यामुळेच पुढे तो अवकाशयानांच्या उपयोगी पडला: एक खूण सूर्याची, दुसरी त्याच्यापासून कायम लांब राहणाऱ्या तेजस्वी ताऱ्याची. नोव्हेंबर १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या मरिनर-४ ने दिशा राखायला अगस्तीच धरला. तोही लगेच सापडला नाही. यानाचा डोळा आधी भलत्याच ताऱ्यांवर जाऊन बसला होता.

तुम्हाला मात्र पहाटे उठायची गरज नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. वर लखलखतो तो व्याध. हात लांब करून वीत ताणा आणि तिथून जवळजवळ दोन विती सरळ खाली या. क्षितिजापासून वीतभर उंचीवर एकटाच ठळक तारा दिसेल, तो अगस्ती. दक्षिणेला इमारत किंवा डोंगर आड येणार नाही अशी जागा तेवढी दिवसाउजेडी हेरून ठेवा.