जपानी आंतरराष्ट्रीय पोस्टकार्डे

जपानमधून परदेशी पाठविलेली उघडी टपालपत्रे. जपानमध्ये पोस्टकार्डे १८७३ मध्ये सुरू झाली. जागतिक टपाल संघात भारत १८७६ मध्ये, तर जपान १८७७ मध्ये सामील झाला. संघाच्या नियमानुसार पाठविणाऱ्या देशाचे पुरेसे तिकीट असल्यास, योकोहामाहून चांद्यास येणाऱ्या पत्रासाठीही स्वीकारणाऱ्यास काही द्यावे लागत नसे. खासगी चित्रकार्डांना जपानने १९०० मध्ये अनुमती दिली. तेव्हा परदेशी दर ४ सेन होता. कालनिर्णयास पत्त्यातील स्थलनामेही उपयोगी पडतात : चांद्याचे ‘चंद्रपूर’ हे नामांतर १९६४ च्या सुमारास झाले, तर गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून १९८२ मध्ये वेगळा झाला. पत्राचा प्रवास मात्र टपालमुद्रांवरूनच कळतो. संग्रहासाठी तिकीट सोडवून काढल्यास त्यावरील मुद्रेबरोबर हा पुरावाही नष्ट होतो.