रविवारची प्रार्थना आणि मालेगावचा शुक्रवार

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. बाकी सहा दिवस पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून चालताना शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, शुक्रवारी मात्र गल्ली शांत. रविवारी माग नेहमीसारखे खडखडत असतात. आणि त्याच रविवारी सकाळी ख्रिस्ती कुटुंबं आठवड्याची सुरुवात म्हणून उपासनेला जमतात. सुरुवात म्हणून, शेवट म्हणून नाही, हे लक्षात घ्या. आपल्याला ‘वीकेंड’ या शब्दाची इतकी सवय झालीय की रविवार हा आठवड्याचा उरलासुरला दिवस वाटतो. ख्रिस्ती गणनेत तो पहिला वार आहे, येशूच्या पुनरुत्थानाचा वार. आधी प्रार्थना, मग आठवडा.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे संशोधन प्रस्ताव लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या मसुद्यात मला एक वाक्य सारखं भेटतं: ‘मिशनऱ्यांनी रविवार आणला.’ वाक्य ऐकायला पक्कं वाटतं. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, रविवारची प्रार्थना आणि रविवारची सुट्टी. मालेगावसारख्या गावात या दोन गोष्टी इतक्या उघडपणे वेगळ्या दिसतात की विषय तिथूनच सुरू करावा.

वार आणि धर्म यांची गाठ आपण सहज मारतो, याला कारणही आहे. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद. सुट्टीचा वारच समाजाचं नाव झाला. इथे सुट्टी हीच धर्माची खूण होती, कारण यहुदी शब्बाथात काम न करणं हीच आज्ञा आहे. पण हे सगळ्या धर्मांना लागू पडत नाही. जुम्याची नमाज झाली की पुन्हा आपापल्या कामाला पांगायला इस्लाममध्ये मोकळीक आहे. शुक्रवारी माग बंद ठेवणं ही विणकरांच्या वस्तीने घडवलेली रीत आहे. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हे गाव कापडाचं केलं आणि गावाचा आठवडाही त्यांच्याच ठेक्यावर बसला.

आता ख्रिस्ती बाजू बघू. इसवी सन ११२च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी रोमच्या सम्राटाला कळवतो की ही माणसं एका ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताचं स्तोत्र म्हणतात आणि पांगतात. उजाडण्याआधी का? त्यांतल्या गुलामांना, मजुरांना नंतर कामावर जायचं होतं, हे त्याचं सगळ्यात साधं उत्तर. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या वाराला न्यायालयं आणि शहरातले उद्योग बंद ठेवायला सांगितले, तोपर्यंत प्रार्थना होती आणि सुट्टी नव्हती. त्या हुकमातही शेतकऱ्यांना सूट होती, कारण पेरणीचा योग्य दिवस हातचा जाऊ नये. ही सूट ध्यानात ठेवा, खानदेशात तिचं काम पडणार आहे.

१८१८ साली मालेगावचा किल्ला कंपनीच्या ताब्यात गेला आणि गावालगत लष्कराची छावणी आली. मोसम नदीच्या पलीकडचा भाग आजही ‘कॅम्प’च म्हणवतो. शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं इथे आलं. हार्डिंग गव्हर्नर जनरल असताना, म्हणजे १८४४ ते १८४८ या काळात, सरकारी कामं रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. म्हणजे इथल्या माणसाला रविवार एकाच सुमाराला दोन दारांनी भेटला: कचेरीच्या बंद दारातून आणि चर्चच्या उघड्या दारातून.

पण तो रिकामा वार थोडाच होता? मालेगावपासून जवळच चंदनपुरी आहे, बानूची चंदनपुरी, खंडोबाचं मोठं ठाणं. आणि खंडोबाचा वार रविवार. जुन्या बोलण्यात तो आइतवार, आदित्याचा वार. तळी भरायची ती याच दिवशी. तेव्हा ‘रविवारी देवाकडे जायचं’ ही कल्पना इथल्या धनगराला किंवा कुणब्याला परकी नव्हती. परकी होती ती दिवसभर काम न करण्याची कल्पना. अमावास्येला औत जुंपायचं नाही ही रीत होती, पण ती बैलांची विश्रांती. दर सात दिवसांनी माणसाने हात थांबवायचा, हे नवं होतं.

आणि नेमकं इथे काहीतरी पणाला लागतं. अहमदनगर-नाशिकच्या पट्ट्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये महार आणि मांग समाजांतले लोक मोठ्या संख्येने होते. महाराच्या वतनी कामाला वार नव्हता. सरकारी टपाल न्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाने हाक मारली की उठायचं, रात्र असो की दिवस. याच वतनाबद्दल १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. अशा माणसाने रविवारी सकाळी ‘आज येत नाही’ म्हणणं म्हणजे नुसता धर्म बदलणं नव्हतं. बलुत्याच्या कराराला तो नकार होता, आणि त्याची किंमत सुगीच्या खळ्यावर मोजली जायची.

मिशनचे अहवाल इंग्लंडमधल्या वर्गणीदारांसाठी इंग्रजीत लिहिलेले असत. त्यांत रविवारसाठी बरेचदा ‘सब्बाथ’ हा शब्द येतो. इथे जरा सावध व्हा. शब्द यहुदी आहे, त्यासोबत काम न करण्याची आज्ञा आपोआप येते, आणि मग रविवारी शेतावर गेलेला नवा ख्रिस्ती माणूस ‘सब्बाथ मोडणारा’ ठरतो. अशी तक्रार तुम्हाला अहवालात सापडली तर ‘श्रद्धा कच्ची होती’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. कदाचित तो पहाटे प्रार्थना करून गेला असेल, प्लिनीच्या लोकांसारखा. कदाचित त्याला कॉन्स्टंटाइनने शेतकऱ्याला दिली तेवढीही सूट मिशनरी द्यायला तयार नसेल. तक्रारीखाली महिना कोणता आहे ते आधी बघा. बाजरीच्या काढणीचा असेल तर तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

प्रार्थनेत म्हणत काय होते, हाही वेगळा धागा. ही सोसायटी अँग्लिकन, म्हणजे उपासना ठरलेल्या प्रार्थनापुस्तकातून. पापकबुली, स्तोत्र, शास्त्रपाठ, आणि त्यातच राजासाठी किंवा राणीसाठी प्रार्थना. १८५८नंतर जी राणी इथल्या माणसाची सरकार होती, तिच्यासाठी दर रविवारी देवाकडे मागणं. नारायण वामन टिळकांनी पुढे मराठी उपासनेत भजन-अभंगाचा सूर आणला, तेव्हा फक्त चाल बदलली की मागणंही बदललं, यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. कोणी घेणार असेल तर जरूर घ्या.

आता हातातलं एक साधन सांगते. तारीख मिळाली की वार काढा. फोनवर दहा सेकंदांचं काम आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला: रविवार. उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७०ला, नागपुरात: पुन्हा रविवार. दोन्ही ठिकाणी वार आपली जागा सांगतो.

आता तिसरी तारीख. ‘१० जून १८९०ला पहिली रविवारची सुट्टी मिळाली’ असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं ही मागणी लावून धरली. पण १० जून १८९० हा मंगळवार होता! ती गिरणीमालकांनी मागणी मान्य केल्याची तारीख आहे, सुट्टीची नव्हे. लोखंडे सत्यशोधक होते, आणि रविवार हा खंडोबाचा वार म्हणून तो कामगारांना मिळावा असं त्यांनी मांडल्याचं सांगितलं जातं. म्हणजे आज कॅलेंडरवर लाल दिसणाऱ्या चौकोनामागे चर्चची घंटा आहे, कंपनीची कचेरी आहे, गिरणीचा भोंगा आहे आणि जेजुरीचा भंडाराही आहे. ‘मिशनऱ्यांनी रविवार आणला’ या वाक्यात यातला एकच धागा येतो.

मालेगाव-नाशिक भागावर काम करायचं असेल तर सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि नाशिक जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटिअर सहज मिळतं. गॅझेटिअरमध्ये आधी बाजारवारांची यादी काढा. मग बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली प्रत्येक तारीख घ्या, तिच्यापुढे वार लिहा, हंगाम लिहा, जवळच्या गावाचा बाजारवार लिहा. मिशनच्या नोंदींत जुन्या रकान्यांमध्ये धंदाही दिलेला असतो, तो सोडू नका. शिक्षक, घोडेवाला, मजूर, विणकर. कोणाला रविवार परवडत होता आणि कोणी तो पहाटेच उरकत होता, हे त्या रकान्यावरून कळायला लागतं.