सनूरच्या वाळूत

पायाखाली वाळू आहे, एवढं आधी कळतं. साल कोणतं ते नंतर.

पहाट आहे. दूर प्रवाळाच्या रांगेवर लाटा फुटतायत, पण तुमच्या पायाशी पोचेपर्यंत पाणी तळ्यासारखं निवांत होतं. समोर पूर्वेला नुसा पनीदा बेटाची काळी कड दिसते. डावीकडे ढगांच्या वर आगुंग पर्वताचं टोक उमटतंय, तीन हजार मीटरहून उंच. बालीतला माणूस वाट सांगताना 'काजा' आणि 'कलोद' म्हणतो. काजा म्हणजे डोंगराच्या अंगाला, कलोद म्हणजे समुद्राच्या अंगाला. देव वर डोंगरात राहतात, आणि जे शमवायचं, धुवायचं, सोडून द्यायचं ते समुद्राकडे जातं.

मागे वळून पाहा. हॉटेलं नाहीत, छत्र्या नाहीत, सायकलींची वाट नाही. माडांच्या आड एक माणूस पालथी मांडी घालून दगडावर छिन्नी चालवतोय. हा फाल्गुन महिना आहे, शके ८३५. इंग्रजी हिशेबाने सन ९१४चा फेब्रुवारी. तुमच्या मुलखात या वेळी राष्ट्रकूटांचं राज्य आहे.

जवळ जा. खांब पुरुषभर उंचीचा आहे, पावणेदोन मीटरचा. श्री केसरी वर्मदेव नावाच्या राजाने गुरुन आणि सुवाल इथल्या शत्रूंवर मिळवलेल्या विजयाचा हा लेख. एका बाजूची अक्षरं पाहून तुम्ही चमकता, कारण ती नागरी आहेत. वळण जुनं आहे, काना-मात्रा वेगळ्या पडतात, पण बोट ठेवत ठेवत एकेक अक्षर लावता येतं. तुम्ही शब्द ओठांवर आणता आणि थांबता. उच्चार जुळला, अर्थ काही लागत नाही. लिपी ओळखीची असली तरी भाषा जुनी बाली आहे.

आता खांबाला वळसा घाला. दुसऱ्या बाजूला गोलसर, लपेटीदार, 'कवी' नावाची लिपी आहे. तिथलं एक अक्षरही तुम्हाला येत नाही. पण कारागिराच्या शेजारी बसलेला म्हातारा मोठ्याने वाचू लागतो आणि तुमचे कान उभे राहतात, कारण ते संस्कृत आहे. साल तर कोड्यात सांगितलंय: शर, वह्नी, मूर्ती. मदनाचे बाण पाच, अग्नी तीन, शिवाच्या मूर्ती आठ. अंक उलटीकडून वाचायचे. आठ, तीन, पाच. जुन्या पोथ्यांच्या शेवटी असा शक वाचलेला माणूस इथे क्षणात गणित सोडवेल.

या खांबापाशी मला तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवायचंय. बालीहून परतलेली आपली मंडळी हमखास म्हणतात, ''तिकडे सगळं आपलंच आहे हो.'' गणपती आहे, रामायण आहे, चौकात कृष्णार्जुनाचा रथ आहे, म्हणून ते आपलं. मला हे वाक्य फार खटकतं. हा खांब पाहा. ज्याने तो कोरवून घेतला त्याने नागरी लिपी घेतली आणि तिच्यात स्वतःची भाषा लिहिली. संस्कृत घेतली आणि ती स्वतःकडच्या लिपीत उतरवली. समुद्राकडून आलेल्या दोन्ही गोष्टी त्याने हातात घेऊन पारखल्या आणि स्वतःच्या हिशेबाने मांडल्या. आपली एक पेटी तिकडे जाऊन तशीच्या तशी पडून राहिली, असं इथे काही घडलेलं नाही. इथल्या मोठ्या नैवेद्यात भाजलेलं डुक्कर असतं आणि देवळाच्या अंगणात कोंबड्यांच्या झुंजीचं रक्त सांडतं. त्याने ते कमी हिंदू ठरत नाहीत. ते बालीचे हिंदू आहेत.

छिन्नीचा आवाज थांबतो. लाट तुमच्या पावलांवरून मागे सरते.

शके १८२८, सप्टेंबर १९०६. तोच किनारा, आणि समोर डच युद्धनौका. दोन वर्षांपूर्वी, १९०४च्या मे महिन्यात 'श्री कुमाला' नावाचं जहाज इथल्याच प्रवाळात अडकून फुटलं. या किनाऱ्यावरच्या सनूर गावच्या लोकांनी माल लुटला, असं मालकाचं म्हणणं. डच सरकारने इथल्या बादुंग राज्याच्या राजाकडे भरपाई मागितली. राजा म्हणाला, माझ्या लोकांनी लुटलेलं नाही, मी पैसे देणार नाही. एवढं निमित्त पुरलं. १४ सप्टेंबरला सैनिक याच वाळूवर उतरले. तोफा ओढत नेल्याच्या चाकोऱ्या तुम्हाला अजून दिसतात.

त्या चाकोऱ्यांमागून चालत राहा. भातखाचरांमधून देनपासारपर्यंत दीड-दोन तासांची वाट आहे. तारीख २० सप्टेंबर. राजवाड्यातून धूर येतोय आणि आत ढोल वाजतायत. तुम्ही वाटेच्या कडेला केळींच्या आड उभे आहात. वाड्याचा दरवाजा उघडतो.

पुढे पालखीत राजा आहे, पांढऱ्या वस्त्रात. त्याच्यामागे पुरोहित, सरदार, बायका, मुलं, सगळे पांढऱ्यात. इथे पांढरं वस्त्र दहनाच्या वेळी नेसवतात. केसांत फुलं, अंगावर असतील नसतील तेवढे दागिने, हातात क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार. कुणी पळत नाही, कुणी ओरडतही नाही. बंदुकांपासून शंभरेक पावलांवर पालखी थांबते. राजा खाली उतरतो, पुरोहिताकडे पाहतो, आणि पुरोहित त्याच्या छातीत क्रिस खुपसतो. मग सगळेच एकमेकांवर आणि स्वतःवर पाती चालवू लागतात. गोळीबार सुरू होतो. काही बायका कमरेची सोन्याची नाणी काढून सैनिकांच्या अंगावर फेकतात: घ्या तुमची भरपाई.

एक नाणं घरंगळत तुमच्या पायाशी येतं. ते उचलू नका.

याला 'पुपुतान' म्हणतात. 'पुपुत' म्हणजे संपणं, शेवटास जाणं. त्या दिवशी इथे हजाराच्या आसपास माणसं मेली. दीड वर्षाने, एप्रिल १९०८मध्ये, क्लुंगकुंगच्या राजानेही हेच केलं आणि सगळी बाली डचांच्या हातात गेली. मला राजपुतान्यातले जोहार आठवतात, पण ती तुलना मी पुढे ताणणार नाही. या लोकांचा शेवट त्यांचा आहे आणि त्याला त्यांच्या भाषेतला शब्द आहे.

युरोपात या बातमीने डचांची नाचक्की झाली. मग त्याच सरकारला एकाएकी बालीची संस्कृती जपण्याची निकड वाटू लागली. बोटींच्या कंपनीने जाहिराती काढल्या आणि १९२८मध्ये देनपासारमध्ये 'बाली हॉटेल' उघडलं. राजवाड्याच्या राखेपासून बावीस वर्षांत पाहुण्यांच्या खोल्या. बालीच्या प्रत्येक सुंदर छायाचित्राच्या मागे मला हा हिशेब दिसतो आणि तो दिसावाच असं वाटतं.

आता किनारा सोडून थोडा वेळ मोटारीत बसा. साल १९२७. तुमच्या शेजारी लांब दाढीचे रवींद्रनाथ ठाकूर आहेत आणि पलीकडे कारांगासेमचे राजे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे बराच वेळ गाडीत शांतता आहे. एका वळणावर निळं पाणी दिसतं. राजे बोट दाखवून म्हणतात, ''समुद्र.'' कवींचा चेहरा खुलतो. मग राजे समुद्राचे आणखी पर्यायी शब्द म्हणून दाखवतात आणि त्यामागून भारतातल्या डोंगरांची, नद्यांची नावं सांगत सुटतात. त्यांनी यातली एकही नदी पाहिलेली नाही. रवींद्रनाथांनी हा प्रसंग आपल्या पत्रांत लिहून ठेवलाय.

परत सनूर. १९३२ साली आलेला बेल्जियन चित्रकार ल मेयर याच वाळूलगत घर बांधून राहिलाय. चाफा आणि कमळांनी भरलेल्या बागेत त्याची बायको नी पोलोक उभी आहे. ती लेगोंग नाचणारी. १९३५मध्ये त्यांचं लग्न झालं. तो तिला अनेकदा रंगवतो, आणि ऊन पानांतून तिच्या खांद्यावर उतरतं ते रंगवण्यात त्याचा हात खरोखर सुरेख आहे. पण तुम्ही चित्राकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहा. लेगोंगमध्ये मुली लहानपणापासून घडतात. गुरू मागे उभा राहून मुलीचं मनगट स्वतःच्या हातात धरतो आणि तिचं अंग वळवतो. नाच शब्दांनी सांगायचा नाही, अंगातून अंगात घालायचा. पोलोक उभी आहे तेव्हाही तिची बोटं मागे वळलेली आहेत आणि डोळे संगीताच्या ठेक्याची वाट पाहतायत. ती नुसती चित्रातली बाई नव्हे, हे त्या बोटांवरून कळतं. पुढे जपानी अंमलात कॅनव्हास मिळेना तेव्हा ल मेयरने गोणपाटावर रंगवलं. आज त्या घराचं संग्रहालय आहे. खाऱ्या वाऱ्याने चित्रं फिकी पडतायत, आणि मला त्याची काळजी वाटते.

१९६६ इथे फार वेळ थांबण्याजोगं नाही. जपानच्या युद्धभरपाईतून उभं राहिलेलं दहा मजली 'बाली बीच हॉटेल' माडांच्या डोक्यावरून दिसतं. एवढ्या एका इमारतीने लोकांच्या पोटात गोळा आला. पुढे नियम झाला की इमारत माडाहून उंच नको, म्हणजे पंधरा मीटरच्या आत.

मार्च २०२३. वाळूवर आता गर्दी आहे, पण पर्यटकांची नाही. गावंच्या गावं पांढऱ्या कपड्यांत समुद्राकडे निघाली आहेत. झांजा आणि ढोलांचा दणदणाट, पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, बायकांच्या डोक्यावर देवळांतल्या देवमूर्ती. आज मेलास्ती: वर्ष बदलण्याआधी देवांना समुद्रावर आणून शुद्ध करायचं. ११७ वर्षांपूर्वी तोफांची चाकं गेली त्याच वाटेने आज छत्र्या येतात.

तुमच्या शेजारी एक बाई मांडी घालून चानांग करतेय. नारळाचं कोवळं, फिकट पिवळं पान ती सुरीने सपासप कापते, घडी घालते आणि बांबूच्या बारीक काडीने टाचते. तळहाताएवढी चौकोनी परडी तयार होते. आत विड्याचं साहित्य ठेवून वर फुलं रचते: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी. ती फुलं निवडताना वर बघतही नाही, तरी दिशा चुकत नाही. उदबत्ती लावून ती परडी वाळूवर ठेवते. पाच मिनिटांत लाट येऊन नेईल. तिला त्याचं काहीच वाटत नाही, उद्या पुन्हा करायचीच आहे.

मग घंटा वाजते. पदांद, म्हणजे ब्राह्मण पुरोहित, उंच मंचावर बसून पाणी मंत्रवतोय. बोटांच्या मुद्रा झरझर बदलतात. मंत्राचा सूर तुम्हाला अनोळखी आहे, तेवढ्यात त्यातून नावं वर येतात. गंगा. सिंधू. सरस्वती. आणि गोदावरी. तुमच्या अंगावर काटा येतो. नाशिकच्या घाटावर तुमच्या आजीने स्नान केलं असेल, ती गोदावरी इथे जवळच्या झऱ्याच्या पाण्यात बोलावली जातेय. पदांद फुलाने ते पाणी शिंपडतो. तीन वेळा ओंजळीतून प्या, असं शेजारची बाई खुणेने सांगते. तुम्ही पिता. पाण्याला चाफ्याचा वास आहे.

२१ तारखेच्या रात्री कागदा-बांबूचे अक्राळविक्राळ 'ओगोह-ओगोह' राक्षस खांद्यावर नाचवले जातात. पहाटे सहाला सगळं थांबतं. न्येपी, शके १९४५चा पहिला दिवस. विस्तव पेटवायचा नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळ चोवीस तास बंद आणि मोबाइलचं इंटरनेटही बंद. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची वस्त्रं नेसलेले पचालांग, म्हणजे गावचे राखणदार, तेवढे रस्त्यावर फिरतात. समुद्र तीनशे पावलांवर आहे आणि तुम्हाला तिथे जाता येत नाही.

दिवस सरतो. अंधार पडतो आणि दिवे लागत नाहीत. सगळ्या बेटावर एक दिवा नाही. अंगणात खुर्ची टाकून तुम्ही बसता आणि वर पाहता. आकाशगंगा आगुंगच्या बाजूने समुद्रापर्यंत पसरलेली आहे, दगडावर छिन्नी चालवणाऱ्या त्या माणसाला दिसली असेल तशी. भिंतीपलीकडे पचालांगच्या चपलांचा आवाज येतो आणि जातो. मग फक्त प्रवाळावर फुटणारी लाट.

२३ तारखेला सकाळी सहा वाजता फोन एकदम थरथरू लागतो. कालचे निरोप एकामागून एक येतात. घरून फोटो आलाय: खिडकीत गुढी, तांब्या जरा तिरका, कडुलिंबाचा पाला, साखरेची गाठी. खाली लिहिलंय, ''शके १९४५. तुला किती वेळा फोन लावला, कुठे होतास?''

फाटकाबाहेर ती बाई उंबऱ्याशी नवी परडी ठेवतेय.